वेगाचें मोल व सवलतीचें तिकीट

वर्ध्याच्या गीताई मंदिराजवळील विश्वशांति स्तूप पाहून आमचे विद्यार्थी परत आले, म्हणजे जपान देशाविषयींचे त्यांचे प्रश्न कित्येक दिवस संपत नाहींत. ज्या फुजीई गुरुजींच्या प्रेरणेनें असे स्तूप जगांत ठिकठिकाणीं उभे राहिले, ते जपानी भिक्षु १९३३ सालीं गांधीजींच्या भेटीसाठीं वर्ध्यास आले होते. तेव्हां आपल्या जिल्ह्याचा व त्या देशाचा परिचय तसा जुनाच आहे. यंदा मात्र मुलांच्या प्रश्नांचा रोख तेथील बुलेट ट्रेनकडे होता. ती किती वेगानें धावते, हें सर्वच विचारतात. एका विद्यार्थिनीनें ‘त्या गाडीचें तिकीट स्वस्तांत कसें मिळतें?’ असें विचारलें, आणि हा प्रश्न आम्हांस फार आवडला. वेगाचा आंकडा कोणत्याहि पुस्तकांत सांपडतो. भाड्याचा हिशेब कळण्यास व्यवहार कळावा लागतो, आणि तो एकदां कळला म्हणजे पुलगांवच्या तिकीटखिडकीवरहि उपयोगी पडतो.

जपानी लोक या गाडीस शिंकान्सेन म्हणतात. टोकियो ते ओसाका या मार्गावर ती १ ऑक्टोबर १९६४ रोजीं सुरू झाली. तिच्या तिकिटाचे दोन भाग असतात. एक भाग किलोमीटरांच्या हिशेबानें आकारलेलें मूळ भाडें, व दुसरा भाग जलद गाडीबद्दल द्यावयाचा अधिक आकार. सवलत शोधणाऱ्यानें प्रथम हें पाहावें कीं, ती यांपैकीं कोणत्या भागावर आहे. जपानांत विद्यार्थ्यास शंभर किलोमीटरांहून लांबच्या प्रवासांत शेंकडा वीस सूट मिळते, परंतु ती केवळ मूळ भाड्यावर. वेगाचा आकार पुरताच द्यावा लागतो. शिवाय या सुटीसाठीं शाळेचा दाखला लागतो. जगांत इतकी पुढारलेली गाडी, तरी विद्यार्थ्याचें स्वस्त तिकीट अखेर शाळेच्या कचेरींतील एका कागदावर अवलंबून आहे, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं मनांत ठेवावी.

त्या मार्गावर तीन प्रकारच्या गाड्या धावतात. नोझोमी नांवाची गाडी थोड्याच स्थानकांवर थांबून सुमारें अडीच तासांत ओसाकास पोंचते. हिकारी तिच्या खालोखाल. आणि कोदामा ही प्रत्येक स्थानकावर थांबत थांबत सुमारें चार तास घेते. या कोदामाचीं आगाऊ घेतलेलीं खास तिकिटें बरींच स्वस्त असतात. ज्यास दीड तास अधिक बसण्याची तयारी आहे, त्याचे पैसे वांचतात. तसेंच कांहीं दिवस, कांहीं योजनांत तीन आठवडे वा त्याहून अधिक, आधीं तिकीट घेणारासहि सूट असते. नववर्षाच्या व इतर मोठ्या सुट्यांत मात्र अशा बहुतेक सवलती बंद असतात. त्या दिवसांत गाड्या सवलतीवांचूनहि भरतात.

टोकियोंत मराठी कुटुंबें बरींच आहेत, व त्यांचें मराठी मंडळहि आहे. मुलाकडे वा मुलीकडे जाणाऱ्या आईबापांनीं एक गोष्ट जाणून घ्यावी. परदेशांतून थोड्या दिवसांसाठीं येणाऱ्या पाहुण्यांकरितां तेथें रेल्वेचा सात दिवसांचा पास मिळतो. तो आईबापांस घेतां येतो, तेथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलास येत नाहीं. परंतु पास म्हणजे स्वस्ताईच, असें समजूं नये. ऑक्टोबर २०२३ मध्यें या पासाचा दर २९,६५० येनांवरून एकदम ५०,००० येनांवर गेला. टोकियो ते ओसाका एका बाजूचें भाडें चौदा हजार येनांहून थोडें अधिक, म्हणजे जाऊन येण्यास तीस हजारांच्या आंत खर्च येतो. केवळ तेवढाच प्रवास करणारानें पास घेतल्यास त्याचें नुकसानच होईल. पूर्वीं ज्यांनीं पास वापरला, त्यांचा सल्ला ऐकून आज पास घेणारे लोक आहेत; त्यांनीं पेन्सिल घेऊन बेरीज करावी.

आतां रेल्वेवाले ही सूट देतात तरी कां? मंडईंतील भाजी सायंकाळीं स्वस्त होते, पण उरलीच तर दुसऱ्या दिवशीं कांहीं तरी दरानें विकतां येते. गाडींतील रिकामी जागा मात्र गाडी सुटतांच कायमची वायां जाते. ती उद्यांसाठीं राखून ठेवतां येत नाहीं. म्हणून जी जागा रिकामी जाण्याचा संभव आहे, तिच्यावर सूट मिळते. ही जागेची सवलत झाली. दुसरी सवलत माणसाची: तो विद्यार्थी आहे, रुग्ण आहे, अपंग आहे, म्हणून समाज त्याचा कांहीं भार उचलतो. पहिली सवलत लवकर येणारास वा गैरसोय सोसणारास मिळते. दुसरी, आपला हक्क कागदानें सिद्ध करणारास. आपल्याकडील नियमांचा गुंता या दोन सुतांनीं बहुतेक उलगडतो.

आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजीं जपानच्याच साहाय्यानें झाली. पण ती वर्ध्यावरून जावयाची नाहीं. आपल्या वांट्याची वेगवान गाडी म्हणजे वंदे भारत. १० ऑगस्ट २०२५ रोजीं अजनी–पुणे ही गाडी सुरू झाली व ती वर्ध्यास थांबते. त्यापूर्वीं ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर–बिलासपूर ही सुरू झाली होती. तिच्या पुष्कळ जागा रिकाम्या राहूं लागल्या, तेव्हां पुढें तिचे डबे कमी करावे लागले. जुलै २०२३ मध्यें रेल्वे मंडळानें, ज्या गाड्यांत मागील तीस दिवसांत निम्म्याहूनहि कमी जागा भरल्या असतील, त्यांच्या वातानुकूलित खुर्चीच्या वर्गांत शेंकडा पंचवीसपर्यंत सूट देण्याचा अधिकार निरनिराळ्या विभागांस दिला. हीच ती जागेची सवलत. याच्या उलट बाजू नागपूर–मुंबई दुरांतो गाडींत दिसते. राजधानी, शताब्दी व दुरांतो या गाड्यांस ९ सप्टेंबर २०१६ पासून चढतें भाडें लागूं झालें: पहिल्या शेंकडा दहा जागा मूळ दरानें, आणि पुढें दर दहा जागांमागें भाडें शेंकडा दहानें चढत जाऊन तेव्हां दीडपटीपर्यंत पोंचत असे. जपानांत लवकर येणारास बक्षीस देतात, येथें उशिरा येणारास दंड करतात. खिशाच्या दृष्टीनें दोन्हींचा अर्थ एकच.

परंतु वंदे भारत गाडींत विद्यार्थ्याची सवलत नाहीं, कारण ती सवलत द्वितीय वर्ग व शयनयान याच वर्गांत आहे, आणि वंदे भारत खुर्चीगाडींत हे वर्गच नाहींत. लहान मुलांचेंहि तसेंच. पांच वर्षांच्या आंतील मुलास वेगळी जागा न मागितल्यास भाडें नाहीं. पांच ते बारा वर्षांच्या मुलास शयनयानांत वेगळी जागा न मागितल्यास अर्धें भाडें. जागा मागितल्यास मात्र २१ एप्रिल २०१६ पासून पुरें भाडें पडतें. वातानुकूलित खुर्चीच्या डब्यांत अर्ध्या तिकिटाची सोयच नाहीं. थोडक्यांत, जपानांत कोदामाचें जें, तेंच येथें साध्या मेल-एक्सप्रेसचें: गरिबाची सवलत सावकाश जाणाऱ्या गाडींत राहते. आम्हांस यांत कमीपणा वाटत नाहीं. रात्रभर झोपून जावयाचें असेल, तर दोन तास अधिक लागल्यानें फारसें बिघडत नाहीं.

आगगाडी रोहण्यास कांहीं नवी नव्हे. पुलगांव–आर्वी हा ३५ किलोमीटरांचा अरुंद लोहमार्ग १९१७ सालीं सुरू झाला. ज्या कंपनीची यवतमाळकडील ‘शकुंतला’, तिचीच ही गाडी, आणि रोहणा हें तिच्यावरील एक स्थानक होतें. त्या मार्गावर आज गाडी धावत नाहीं, म्हणून रोहण्याच्या मुलास मोठ्या गाडीसाठीं एस.टी.नें पुलगांव किंवा वर्धा गांठावें लागतें. एस.टी.तहि हक्क आहेत: ग्रामीण भागांतील पांचवी ते बारावीच्या मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखालीं शाळेसाठीं मोफत पास मिळतो, व १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांस अर्धें तिकीट आहे.

रेल्वेची विद्यार्थी-सवलत अशी आहे. सुटींत शाळेच्या गांवाहून आपल्या घरीं जाण्यास व परत येण्यास, तसेंच शैक्षणिक सहलीस, सर्वसाधारण विद्यार्थ्यास मूळ भाड्यांत निम्मी सूट व अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यास शेंकडा पंचाहत्तर सूट मिळते. ग्रामीण भागांतील सरकारी शाळांस वर्षांतून एका सहलीसाठीं द्वितीय वर्गांत शेंकडा पंचाहत्तर सूट आहे. आमच्यासारख्या खाजगी शाळांस ती लागूं नाहीं. यासाठीं ठराविक नमुन्याचा अर्ज शाळेंतून भरून, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशीं स्थानकावरील आरक्षणाच्या खिडकीवर द्यावा लागतो.

येथेंच बहुतेकांचे पैसे जातात. ही सवलत मोबाइलवरील तिकिटांत मिळत नाहीं. वसतिगृहांतील मुलांचे पालक पुष्कळदां गांवांतील एखाद्या दुकानांतून मोबाइलवर तिकीट काढवून घेतात. दुकानदार आपली दलाली घेतो, तिकीट पुऱ्या दराचें निघतें, आणि सवलत होती हें पालकांस कोणी सांगत नाहीं. उदाहरणासाठीं मूळ भाडें ३०० रुपये धरूं. शयनयानाचें आरक्षणशुल्क २० रुपये व अतिजलद गाडीचा आकार ३० रुपये, म्हणजे एकूण ३५० रुपये. सवलत मूळ भाड्यावरच असल्यामुळें १५० व ५० मिळून २०० रुपये लागतात. एका तिकिटामागें दीडशें रुपये वांचले. तीन भावंडें असलीं, तर साडेचारशें; परतीचे धरल्यास नऊशें. शेतमजुरीवर घर चालविणाऱ्या आईस नऊशें रुपये म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पैशांच्या अडचणीमुळें सुटींत घरीं न गेलेलीं मुलें आम्हीं वसतिगृहांत पाहिलीं आहेत.

रोज गाडीनें शाळेस येणाऱ्यांसाठीं तर याहूनहि मोठी सोय आहे. घर व शाळा यांमधील द्वितीय वर्गाचा मासिक पास मुलांस बारावीपर्यंत व मुलींस पदवीपर्यंत विनामूल्य मिळतो. यासहि शाळेचा दाखला लागतो. दहावीनंतर मुलीस वर्ध्याच्या महाविद्यालयांत पाठविण्यास जाण्यायेण्याच्या खर्चामुळें कचरणाऱ्या पालकांनीं, निदान जीं गांवें लोहमार्गालगत आहेत तेथील पालकांनीं, ‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं हा पास विचारून पाहावा.

विद्यार्थ्यांखेरीज एक सवलत विदर्भांतील अनेक घरांस लागते, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, ती बहुधा उशिरा कळते. कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठीं जातां-येतांना शयनयान व तृतीय वर्ग वातानुकूलित डब्यांत मूळ भाडें पूर्ण माफ असतें, व सोबत्यास शेंकडा पंचाहत्तर सूट असते. मुंबईच्या टाटा रुग्णालयास फेऱ्या घालणाऱ्या कुटुंबांनीं डॉक्टरांकडून ठराविक नमुन्याचा दाखला पहिल्याच भेटींत मागून घ्यावा. वृद्धांची सवलत मात्र २० मार्च २०२० पासून बंद करण्यांत आली. साठीच्या पुरुषांस शेंकडा चाळीस व अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांस शेंकडा पन्नास, अशी ती सूट होती. ती काढून घेणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं.

दोन गोष्टी संकोच सोडून लिहितों. भाच्यास किंवा शेजाऱ्याच्या मुलास आपल्या शाळेचा विद्यार्थी दाखवून अर्जावर सही द्यावी, अशी गळ कधीं कधीं घालण्यांत येते. मागणाराचा हेतु वाईट नसतो. परंतु ज्या दिवशीं असा एक अर्ज खोटा ठरेल, त्या दिवसापासून शाळेच्या शिक्क्यास खिडकीवर किंमत राहणार नाहीं, आणि त्याची झळ खऱ्या विद्यार्थ्यांस लागेल. दुसरें, खात्रीची जागा म्हणून दलाल जें दुसऱ्याच्या नांवाचें तिकीट देतात, तें घेऊं नये. तें विकणें हा गुन्हा आहे, आणि तपासनीसापुढें प्रवासी बिनतिकीट ठरतो.

लांबच्या प्रवासाविषयीं एक बारीकशी युक्ति सांगतों, जी नियमांतच आहे. अंतर वाढतें तसा दर किलोमीटरचा दर उतरत जातो. म्हणून दोन तुकड्यांच्या दोन तिकिटांपेक्षां एक सलग तिकीट स्वस्त पडतें. पांचशें किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर, पहिले पांचशें किलोमीटर झाल्यावर, मध्यें एकदां दोन दिवस उतरतां येतें. पुलगांवाहून मुंबईस जाणाऱ्या कुटुंबास नाशिकच्या नातेवाइकांस भेटून पुढें जावयाचें असेल, तर तिकीट काढतांनाच खिडकीवर तसें सांगावें.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधीं उघडतें; पूर्वीं ते एकशेंवीस दिवस होते. नाताळासाठीं २३ डिसेंबर रोजीं घरीं निघावयाचें असल्यास खिडकी २४ ऑक्टोबर रोजीं उघडते, आणि पुष्कळदां त्याच सुमारास दिवाळीची सुटी असल्यामुळें शाळेची कचेरी बंद असते. म्हणून वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनीं नाताळच्या सवलतीचा अर्ज सहामाही परीक्षा चालूं असतांनाच कचेरींतून मागून घ्यावा.