राजवाड्यात तास भरतात

भिलाईच्या सेक्टर ६ मधलं मराठी कुटुंब सुटीच्या दिवशी बाहेर पडलं, की बहुतेक वेळा डोंगरगडची गाडी धरतं. बम्लेश्वरीचा डोंगर चढायचा, दर्शन घ्यायचं, डबे उघडायचे आणि संध्याकाळी परत. वाटेत राजनांदगाव लागतं, पण ते खिडकीतूनच पाहिलं जातं. त्या गावात राणीसागर आणि बूढासागर या दोन तळ्यांच्या शेजारी एक राजवाडा आहे, आणि त्याच्याही पुढे चाळीसेक किलोमीटरवर खैरागढला दुसरा. दोन्ही राजघराण्यांनी आपले वाडे स्वतःहून शिक्षणासाठी देऊन टाकले. दोन्ही ठिकाणी आज मुलं शिकतात, आणि दोन्हींच्या गोष्टीत मराठी माणसं आहेत.

भिलाईच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या मुलांना अशी जागा विशेष वाटावी. त्यांच्या डोळ्यांसमोरचं सारं जग कारखान्याबरोबर उभं राहिलेलं. सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये, आणि पहिली झोतभट्टी सुरू झाली फेब्रुवारी १९५९ मध्ये. क्वार्टर, शाळा, बाजार, सगळं त्यानंतरचं. राजनांदगावच्या राजवाड्यात कॉलेज सुरू झालं तेही याच दरम्यान, १९५७ साली. एकीकडे शेतांवर नवं गाव वसत होतं, तर तासाभराच्या अंतरावर जुन्या वाड्याला नवं काम मिळत होतं.

नांदगाव संस्थानाची कथा इतर राजघराण्यांसारखी नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत छत्तीसगढात उतरले, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. पंजाबातून शाली विकायला आलेले प्रल्हाददास बैरागी याच रतनपुरात स्थिरावले. ते वैष्णव बैरागी, म्हणून सुरुवातीला वारसा मुलाकडे न जाता शिष्याकडे जाई. शिष्यांनी व्यापार वाढवला, सावकारी केली, आणि कर्जापोटी गहाण पडलेल्या जमीनदाऱ्या हळूहळू मठाच्या हाती आल्या. १८६५ मध्ये इंग्रजांनी महंत घासीदासांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. रायपूरच्या संग्रहालयाला नाव आहे ते याच महंतांचं. सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे. तलवारीऐवजी शाल आणि वहीखात्यावर उभं राहिलेलं हे राज्य. पुढच्या पिढीतल्या राजा बलरामदासांनी १८९० च्या दशकात इथे कापडगिरणी काढली, याचं म्हणूनच नवल वाटत नाही. बीएनसी मिल या नावानं ती शंभरावर वर्षं चालली आणि मग बंद पडली.

शेवटचे राजे दिग्विजयदास यांनी राजवाडा कॉलेजसाठी दिला. कॉलेजला आणि गावातल्या स्टेडियमलाही त्यांचं नाव आहे. त्यांचे वडील सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ होणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा हा तर राजनांदगावचा सणच.

वाडा पाहायचा तर आधी तळ्यांकाठी थांबावं. छत्तीसगढात राजवाडा आणि तळं ही जोडी नेहमीची आहे. पावसाचं पाणी साठवायचं, उन्हाळ्यात गावाला पुरवायचं, आणि वाड्याला एका बाजूनं आपोआप खंदक मिळायचा. सकाळच्या उन्हात भिंतींची सावली पाण्यात पडलेली पाहिली, की जागा निवडणाऱ्याची दृष्टी कळते.

जुलै १९५८ मध्ये नागपूरहून एक प्राध्यापक हिंदी शिकवायला इथे आले. गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मोठे कवी आणि समीक्षक. स्वतः गजाननराव मात्र हिंदीत लिहीत. नागपुरात आकाशवाणीची नोकरी आणि 'नया खून' या साप्ताहिकाचं काम करून, ओढाताण सोसून ते इथे पोचले. राहायला मिळाला राजवाड्याचाच एक भाग. जुनी दालनं, चक्राकार जिना, खिडकीबाहेर तळं. 'अँधेरे में' ही त्यांची दीर्घ कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना हा जिना चढताना तिच्यातला काळोख आठवल्याशिवाय राहत नाही.

इथली वर्षं सुखाची नव्हती. १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारनं बंदी घातली, आणि तो घाव त्यांना फार लागला. १९६४ च्या सुरुवातीला पक्षाघात झाला, आणि ११ सप्टेंबरला दिल्लीत ते गेले. वय सत्तेचाळीसही पूर्ण नव्हतं. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला संग्रह त्याच वर्षी निघाला, पण छापील प्रत हाती घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. ते राहत तिथे आज स्मारक आहे. त्यात पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या इथल्याच दोन लेखकांच्याही आठवणी जपल्या आहेत, म्हणून त्या परिसराला त्रिवेणी म्हणतात. आधुनिक हिंदी कवितेतलं एवढं मोठं काम एका मराठी घरात झालं, हे मराठी पाहुण्यानं इथे उभं राहून एकदा तरी मनात आणावं.

राजनांदगावहून खैरागढचा रस्ता शेतांमधून जातो. तिथला कमलविलास राजवाडा राजा बीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, इंदिरेच्या आठवणीत संगीतासाठी दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. केवळ संगीत आणि ललित कलांसाठी विद्यापीठ, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

ती प्रत्यक्षात आणायला पहिले कुलगुरू म्हणून बोलावलं गेलं ते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांना. जन्म मुंबईचा, गुरू पंडित विष्णू नारायण भातखंडे आणि उस्ताद फैयाज खाँ, आणि लखनौच्या मॅरिस कॉलेजचं प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळलेलं. भातखंड्यांनी संस्थाना-संस्थानांत हिंडून उस्तादांकडून चिजा मिळवल्या, त्या स्वरलिपीत बसवल्या, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. तीच शिस्त शिष्यानं खैरागढला नेली. राजदरबारांतून गोळा झालेली विद्या अशी पुन्हा एका राजवाड्यात आली. फरक एवढाच की आता ती शेतकऱ्याच्या मुलीलाही प्रवेश अर्ज भरून मिळते. गायन, वादन, नृत्य, चित्र-शिल्प, नाट्य, सगळं इथे शिकवलं जातं. छत्तीसगढी लोकसंगीताचाही त्यात मान आहे.

इंग्लंडमध्ये जुन्या हवेल्या आणि त्यांची उद्यानं पाहायला जाणं हा सुटीचा ठरलेला बेत असतो. तिथे वारसा करापायी जमीनदार घराणी मोडकळीला आली, तेव्हा नॅशनल ट्रस्टनं १९३७ च्या कायद्याचा आधार घेऊन वाडे स्वीकारायला सुरुवात केली. घराण्यानं बहुधा तिथेच राहायचं, आणि ठरल्या दिवशी लोकांनी पाहायला यायचं. तिथे फर्निचर, तसबिरी, बाग जशीच्या तशी टिकते. आपल्याकडच्या या दोन वाड्यांत सिंहासन किंवा झुंबरं शोधणाऱ्याची निराशा होईल. पण दालनात कोणी नोट्स उतरवत असतं, कोणी मृदंगाचे बोल घटवत असतं. वाडा जपण्याची ही तऱ्हा अधिक चांगली आहे. वापर थांबला की चुना सुटतो, पिंपळ उगवतो आणि वटवाघळं राहायला येतात. छत्तीसगढात आणि विदर्भात असे किती वाडे ढासळले ते कोणीही मोजावं. रोजच्या पावलांनी या दोन वास्तूंना तगवलं आहे. अर्थात रोज वापरल्या जाणाऱ्या जुन्या भिंतींची नीट डागडुजी, छतांची गळती आणि तळ्यांमधला गाळ यांकडे सरकारनं अधिक लक्ष द्यायला हवं. दात्यांनी वाडा दिला. त्याची देखभाल आता सगळ्यांच्या करातून व्हायची आहे.

एक सूचना मात्र कळकळीची. रविवारी जाऊ नका. वर्ग बंद, दालनं गप्प, आणि पाहायला नुसत्या भिंती उरतात. कारखान्यात साप्ताहिक सुटी अधल्यामधल्या दिवशी येत असेल तर तोच दिवस धरा, परीक्षांचा काळ टाळा, कॉलेजच्या कार्यालयात विचारून आत जा आणि शिकणाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नका. सकाळी राजनांदगाव, दुपारनंतर खैरागढ. मुलांना बरोबर न्या, आणि खैरागढच्या आवारात दहा मिनिटं काही न बोलता बसा. रियाज ऐकू येईल.