पैसे आहेत, पण हातात नाहीत!

जून २०२३. गुरुवारची रात्र, पावणेबारा वाजलेले. आईचा फोन. ‘‘बाबांच्या छातीत दुखतंय. घाबरू नकोस, पण ये.’’ आई ‘घाबरू नकोस’ म्हणाली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. हिंजवडीतून चिंचवडला मी कशी पोचले ते आठवत नाही. शुक्रवारी सकाळी अँजिओग्राफी झाली, तीन ब्लॉकेज निघाले आणि डॉक्टर म्हणाले, सोमवारी बायपास करू.

बिलिंग काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला. पॅकेज ३ लाख ६० हजार. त्यातले दीड लाख आज भरायचे.

‘‘मेडिक्लेम आहे?’’

‘‘आहे ना, कंपनीचा आहे!’’ मी अगदी ऐटीत. एचआरला फोन लावला. पलीकडे कीबोर्डची टकटक, मग थोडी शांतता, मग अगदी हळू आवाजात, ‘‘तुझ्या पॉलिसीत पेरेंट्स अॅड केलेले नाहीत गं.’’

नोव्हेंबर २०२०, लॉकडाऊनचे दिवस, घरबसल्या ऑनलाइन जॉइनिंग. तेवीस फॉर्म. त्यातल्या एकात एक छोटासा चौकोन होता : आईवडिलांना कव्हर हवं असेल तर टिक करा, प्रीमियम पगारातून कापला जाईल. पगारातून कापला जाईल हे वाचलं आणि मी पुढच्या पानावर गेले.

एक्सेलमध्ये मी श्रीमंत होते

आता एक सांगते. मी पैसे उडवणारी मुलगी नाही. पहिल्या पगारापासून माझी एक्सेल शीट आहे, रंगीत, ग्राफसकट. त्या शुक्रवारी शीटचा शेवटचा आकडा साडेचार लाख होता. गरज ३ लाख ६० हजारांची. म्हणजे टेन्शन नाही, बरोबर?

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून मी शीटमधली एकेक ओळ ‘हे आज मिळेल का?’ म्हणून तपासायला घेतली. गुंतवणुकीवरचे लेख मी ढिगाने वाचले होते. कशात किती टक्के मिळतात हे तोंडपाठ होतं. पैसे परत कसे आणि कधी मिळतात, याकडे मात्र नीट बघितलंच नव्हतं.

सेव्हिंग अकाउंट : ३८ हजार. हे लगेच.

एफडी : ५१ हजार. मोबाइलवरूनच मोडली, पाच मिनिटांत खात्यात. मुदतीआधी मोडली म्हणून व्याजातला एखादा टक्का गेला, बाकी काही नाही. एफडीला आपण ‘बोअरिंग’, ‘बाबा लोकांची’ म्हणतो. त्या दिवशी तिच्याबद्दल माझं मत कायमचं बदललं. एक लक्षात ठेवा मात्र. बँक बुडाली तर ठेव विमा एका बँकेतल्या एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच मिळतो. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते. तेव्हा अर्धा टक्का जास्त मिळतोय म्हणून सगळी पुंजी एकाच छोट्या बँकेत ठेवू नका.

शेअर्स : ऑफिसातल्या एकाने चहाच्या टपरीवर ‘डबल होणार, लिहून घे’ म्हणून सांगितलेले. ६० हजार घातले होते, आता २२ हजार. विकले. पैसे सोमवारनंतर.

म्हणजे साडेचार लाखांतले शुक्रवारी दुपारी माझ्या हातात होते ८९ हजार.

कुलूपबंद कंपनी

उरलेल्या तीन ओळींनी मला खरा घाम फोडला.

पहिली, पीपीएफ. १९६८ पासूनची सरकारी योजना. मुदत पंधरा वर्षं, वर्षाला ५०० ते दीड लाख भरता येतात, व्याज करमुक्त. १९८६ ते २००० या काळात इथे तब्बल १२ टक्के मिळायचे, म्हणून आपल्या आईबाबांच्या पिढीचा पीपीएफवर एवढा जीव. एप्रिल २०२० मध्ये दर ७.१ टक्क्यांवर आला. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं साधारण कळतात. म्हणजे इथे दहा वर्षं. माझ्या खात्यात १ लाख १० हजार होते, पण खातं २०२०-२१ मधलं. त्यातून काही रक्कम काढायची तर एप्रिल २०२६ उजाडायला हवा होता. कर्ज मिळालं असतं, फार तर पंधरा हजार.

दुसरी, ईएलएसएस. टॅक्स वाचवणारा म्युच्युअल फंड, लॉक-इन तीन वर्षं. एप्रिल २०२१ पासून दरमहा ३ हजारांची एसआयपी, जमा साधारण ८५ हजार. मला वाटत होतं, तीन वर्षं व्हायला आली की सगळे मोकळे. तसं नाही हो! प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात. माझा पहिला हप्ता एप्रिल २०२४ मध्ये सुटणार होता, दुसरा मे महिन्यात... आणि टॅक्सचं म्हणाल तर ८०-सी नावाने आपण ओळखतो ती सवलत नव्या करपद्धतीत नाही, आणि २०२३-२४ पासून नवी पद्धतच डिफॉल्ट आहे. नव्या पद्धतीत असाल तर निव्वळ टॅक्ससाठी तीन वर्षांचं कुलूप कशाला लावून घ्यायचं?

तिसरी ओळ लिहिताना अजून चिडचिड होते. पॉलिसी! पहिल्या नोकरीचे पेढे खायला आलेले काकांचे मित्र पेढ्याबरोबर माझी सहीही घेऊन गेले. ‘‘विमा पण, बचत पण, बेटा.’’ वर्षाला ४८ हजार, वीस वर्षं, शेवटी सुमारे १६ लाख. सोळा लाख ऐकून मी हवेत! गणित केलं असतं तर परतावा पाच टक्क्यांच्याही खाली पडतोय हे दिसलं असतं. विमाकवच म्हणाल तर नऊ लाख, म्हणजे माझ्या दीड वर्षाच्या पगाराएवढं. तीन हप्ते भरून झाले होते, शीटमध्ये मी मोठ्या दिमाखात १ लाख ४४ हजार लिहिले होते. कस्टमर केअरने शांतपणे सांगितलं, आज सरेंडर केली तर भरलेल्या प्रीमियमच्या ३५ टक्के. ५० हजार ४०० रुपये. तेही आठवड्याभराने. ऑक्टोबर २०२४ पासून सरेंडरचे नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे सुधारले आहेत, पण माझ्या काही ते उपयोगाचे नव्हते.

‘मग नॉमिनी कशाला लावलंय?’

तुम्ही म्हणाल, बाबांचे पैसे? होते की. रिटायर झाल्यावर मिळालेली जवळजवळ सगळी रक्कम त्यांनी सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये आणि एफडीत ठेवली होती. म्युच्युअल फंडाचं नाव काढलं तरी ते उठून जायचे. त्या पिढीने जुलै २००१ पाहिलाय. ज्या यूएस-६४ ला घरोघरी लोक बँकेइतकंच सुरक्षित समजायचे, तिच्या युनिट्सची खरेदी-विक्री यूटीआयने सहा महिन्यांसाठी थांबवली होती. तेव्हा बाबांचे पैसे अगदी सुरक्षित होते. सगळे फक्त त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि बाबा आयसीयूत.

आई बँकेत जाऊन आली. मॅडम चांगल्या होत्या, पण नियम नियम आहे. खातेदाराची सही हवी. आई म्हणाली, ‘‘अहो, नॉमिनी मीच आहे.’’ मॅडमनी जरा अवघडून सांगितलं की नॉमिनीचा संबंध खातेदार गेल्यानंतर येतो. आई परत आली ती लाल डोळ्यांनी. ‘‘मग नॉमिनी कशाला लावलंय?’’ एवढंच म्हणाली आणि बाकावर बसून राहिली.

ही एक गोष्ट तुम्ही या शनिवारीच तपासा. घरातलं निदान एक सेव्हिंग खातं जॉइंट हवं, ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही एका सहीने पैसे निघतील. जॉइंट एफडी मुदतीआधी मोडताना मात्र बऱ्याचदा दोघांच्या सह्या मागतात, तेव्हा ठेव ठेवतानाच विचारून घ्या.

पाटल्या आणि भिशी

दुपारी दोनला आई घरी जाऊन आली. पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. लग्नातल्या पाटल्या, चार तोळ्यांच्या. मी नको म्हणाले. ती म्हणाली, ‘‘विकायच्या नाहीयेत. ठेवायच्यात. उठ.’’

मुलींनो, मुलांनो, गोल्ड लोनला नाकं मुरडू नका. बँकेत सोनं तपासलं, वजन केलं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याचा तेव्हा नियम होता, तासाभरात १ लाख ६० हजार खात्यात. व्याज ९ टक्के, म्हणजे महिन्याला बाराशे रुपये. पर्सनल लोनपेक्षा बरंच स्वस्त.

म्हणून दागिने म्हणजे गुंतवणूक असं मात्र मी म्हणणार नाही. घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही. वापरायला हौसेने घ्या, गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर गोल्ड ईटीएफ बरा. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेले सुवर्णरोखे मला आवडायचे, वर अडीच टक्के व्याजही मिळायचं. पण फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवे काढले नाहीत. जुने हवेत तर शेअर बाजारातच शोधायचे.

संध्याकाळी आणखी एक नवल. आईची भिशी. बारा बायका, दरमहा पाच हजार, चिठ्ठीत नाव निघेल तिला साठ हजार. मी या प्रकाराला कायम हसायचे. व्याज नाही, कागद नाही, आणि एखादी पैसे घेऊन पसार झाली तर तक्रार करायची कुणाकडे? पण त्या दिवशी चिठ्ठ्या निघाल्याच नाहीत. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकू डब्याच्या पिशवीतून पोळी-भाजी आणि साठ हजार घेऊन आल्या. ‘‘या महिन्याची वहिनींची,’’ म्हणाल्या, आणि डबा धुऊन नका देऊ असं बजावून गेल्या.

८९ हजार, पाटल्यांचे १ लाख ६० हजार, भिशीचे ६०, नंतर आलेले शेअर्सचे २२. उरलेले २९ हजार क्रेडिट कार्डावर, आणि ते मात्र ड्यू डेटच्या आत फेडले. कार्डाची बाकी ठेवली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस! कुठलीही गुंतवणूक त्याची बरोबरी करू शकत नाही.

ऑपरेशन छान झालं. बाबा आता रोज सकाळी बागेत चालतात आणि आम्हाला कोलेस्टेरॉलवर भाषणं देतात.

आता माझी शीट

शीटमध्ये आता मी एक नवा कॉलम केलाय : ‘किती दिवसांत हातात?’ चार महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे अर्धे एफडीत, अर्धे लिक्विड फंडात. लिक्विड फंडाचे पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, काही फंड तर ५० हजारांपर्यंत लगेच देतात. हे भरल्याशिवाय दुसरं काही नाही. पॉलिसी जुलैत सरेंडर केली, ते ५० हजार ४०० पाटल्यांच्या कर्जात गेले. टर्म इन्शुरन्स वेगळा घेतला, बचतीशी त्याचा काही संबंध नाही.

दहा वर्षं हात लावायचा नाही अशा पैशांसाठी निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, दरमहा एसआयपी, डायरेक्ट प्लॅन. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन असतो, त्यात एजंटचं कमिशन नसतं. बाजार पडतो तेव्हा पोटात गोळा येतो, तो येणारच. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांच्या खाली बंद झाला आणि नोव्हेंबरात परत ४२ हजारांवर होता. पण दर वेळी एवढं लवकर होत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेल्या सेन्सेक्सला तिथे परत यायला नोव्हेंबर २०१० उजाडला. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे, लग्न असो की फ्लॅटचं डाउन पेमेंट, मी बाजारात ठेवत नाही.

पीपीएफ चालूच आहे, निवांत पडू द्या तिथे. फ्लॅट घ्यायचा विचारही नाही, पुण्यातले भाव ऐकूनच बसायला होतं. चहाच्या टपरीवरच्या टिप्स मी आता फक्त चहाबरोबर ऐकते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बोनस आला, कर्ज फिटलं, पाटल्या घरी आल्या. आईने लगेच हातात घातल्या आणि तशाच हातांनी कणीक मळायला घेतली.

परवा मावसभावाचा फोन आला. बाणेरला पहिली नोकरी, पहिला पगार, आवाजात नुसता उत्साह. ‘‘ताई, दहा हजार उरतायत. इंडेक्स फंड घेऊ की गोल्ड?’’

‘‘जॉइनिंगच्या फॉर्ममध्ये मावशी-काकांचं नाव घातलंस का?’’

‘‘कुठला फॉर्म?’’