मुक्काम अंथुर्णे

पुण्याहून सायकलनं अंथुर्ण्याला जातोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "तिथं आहे काय?" लोणावळा किंवा ताम्हिणी म्हटलं तर असा प्रश्न कुणी करत नाही. अंथुर्णे हे इंदापूर तालुक्यातलं गाव. बारामतीकडून इंदापूरला निघालात की सुमारे ३० किलोमीटरवर लागतं. ऊस, डाळिंब, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली आणि सकाळी उघडणारी दोन-चार चहाची दुकानं. पाहायला यावं असा किल्ला नाही, धबधबा नाही. तरीही आम्ही सहा मित्र दर जानेवारीत एक शनिवार-रविवार या वाटेसाठी राखून ठेवतो. ही वाट इतकी का आवडते, ते जरा सविस्तर सांगायचं आहे.

ही वाट तुकोबांच्या पालखीची. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली देहूहून हा पालखी सोहळा सुरू केला. पुण्यातून निघाल्यावर लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम पडतात. तिथीच्या हिशेबानं काही वर्षी अंथुर्ण्यातही मुक्काम असतो. नकाशा पुढ्यात घेऊन हे मुक्काम मोजा. दोन मुक्कामांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी १५ ते २५ किलोमीटर भरतं. म्हातारी बाई डोक्यावर तुळस घेऊन, वाटेत दोनदा विसावा घेऊन दिवसभरात जेवढं चालू शकते, तेवढंच. हजारो माणसांना पाणी मिळेल, पाठ टेकायला जागा मिळेल अशी गावं तीनेकशे वर्षांत या वाटेनं निवडली. रस्त्याचं माप माणसाच्या पायानं घेतलं. मोटारीतून जाताना हे माप कळत नाही, कारण वरवंड डोळ्यांसमोरून एका मिनिटात निघून जातं. सायकलवर ते मांड्यांना कळतं. पाणी संपलं, भूक लागली, आता थांबावं असं वाटलं की समोर पाटी दिसते ती हटकून एखाद्या मुक्कामाच्या नाहीतर विसाव्याच्या गावाची. पहिल्या वर्षी आम्हाला हा योगायोग वाटला होता.

शनिवारी पहाटे पाचला हडपसरला जमतो. जानेवारीत तेव्हा चांगलंच गारठलेलं असतं आणि सोलापूर रस्त्यावर ट्रकांची रांग असते. लोणी काळभोरपर्यंतचा पट्टा हा सगळ्या प्रवासातला सर्वांत नकोसा भाग. तिथं गप्पा नाहीत, शेजारी-शेजारी चालवणं नाही. मागं लाल दिवा, पुढं पांढरा, अंगावर चमकणारं जाकीट, आणि एकामागोमाग एक ओळ. उरुळी कांचन ओलांडलं की उजाडतं. यवतला पहिला मोठा थांबा. पुण्यापासून साधारण ४५ किलोमीटर झालेले असतात. आषाढीच्या आधी पालखी इथं येते तेव्हा भैरवनाथाच्या देवळात गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरीचं जेवण घालतात. आम्ही जातो तेव्हा अर्थातच कढया नसतात. पोहे खातो, चहा घेतो, बाटल्या भरतो. तरी गावातून जाताना कुणीतरी विचारतंच, "पंढरपूरला का?"

हा प्रश्न उगाच येत नाही. आषाढीच्या आधी पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि इतरही ठिकाणांहून सायकलस्वारांचे गट पंढरीला जातात, आणि 'सायकल वारी' हा शब्द आता मराठीत रुळला आहे. नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची वारी त्यांतली एक ठळक. नाशिकनं सायकलला बरंच दिलं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या डॉक्टर भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. त्याच्याही कितीतरी आधी, १९२३च्या ऑक्टोबरमध्ये, मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि १९२८च्या मार्चमध्ये परतले. गिअर नव्हते, धड नकाशे नव्हते, वाटेत वाळवंट होतं. आमच्या तीनशे किलोमीटरांचं त्यापुढं काहीच नाही. पण शनिवार-रविवारची सुट्टी हाताशी असलेल्या नोकरदार माणसाला जगप्रदक्षिणा झेपत नाही, इंदापूर झेपतं.

पाटसला सोलापूर रस्ता सोडून उजवीकडे बारामतीला वळलं की ट्रकांचा आवाज मागं पडतो आणि रोटी घाट येतो. घाट म्हणावा इतका तो मोठा नाही. पण सत्तरेक किलोमीटर झाल्यावर, ऊन चढत असताना, तो छोटा चढही दमवतो. इथं आमचा एक नियम आहे, तोच सगळ्यांना सांगावासा वाटतो: गटात जो सर्वांत हळू चालवतो, त्याला पुढं ठेवायचं. जोरात चालवणारा पुढं राहिला की ओळ तुटते. मागचा एकटा पडतो, एकटा पडलेला जास्त दमतो, आणि दमलेला माणूस ट्रकच्या वाऱ्यानं डगमगतो. हळू चालवणारा पुढं असला की सगळे एकत्र पोहोचतात. फार तर अर्धा तास जास्त लागतो.

रोटी घाट उतरलं की उंडवडी आणि मग बारामती. दुपारचं जेवण तिथं. जेवणाबाबत नवख्यांची चूक ठरलेली असते: भूक लागेपर्यंत खात नाहीत आणि मग पोट फुटेपर्यंत खातात. सायकलवर दर पाऊण तासाला थोडं काही तोंडात टाकावं. दोन खजूर, चिक्कीचा तुकडा, एक केळं. पाणी तासाला एक बाटली, आणि त्यातल्या एकीत लिंबू, साखर, मीठ. दुपारच्या जेवणात भात कमी, भाकरी किंवा पोळी. हे पाळलं तर १३० किलोमीटर हा आकडा वाटतो तितका भीतिदायक राहत नाही. अर्थात आधीच्या दोन महिन्यांत दर रविवारी ६०-७० किलोमीटर आणि निदान एकदा १००च्या पुढं चालवलेलं असावं. सीटची उंची नीट करून घ्यावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आमच्यातल्या एकाचा गुडघा पहिल्या वर्षी सुजला तो फक्त सीट बोटभर खाली होती म्हणून.

बारामतीनंतर मुलूख बदलतो. खरं तर तो बदलवला गेला आहे. हा सगळा पर्जन्यछायेचा, कमी पावसाचा प्रदेश. १८७६-७७च्या दुष्काळानं तो होरपळला होता. त्यानंतर ब्रिटिश सरकारनं नीरा डाव्या कालव्याचं काम उभं केलं आणि १८८५ साली कालवा सुरू झाला. भोरजवळच्या भाटघर धरणाचं पाणी या कालव्यातून बारामती-इंदापूरकडं आलं. रस्त्यानं जाताना एका बाजूला हिरवागार ऊस आणि जरा दूर, कालव्याचं पाणी पोहोचत नाही तिथं, पिवळट माळ आणि मेंढ्या. सायकलवरून ही सीमा अक्षरशः बोटानं दाखवता येते. उसाच्या बाजूनं जाताना हवा गार लागते, माळाच्या बाजूनं कोरडी. मोटारीच्या काचा वर असताना हा फरक कुणाला कळणार?

काटेवाडीत पालखीला परीट समाजाकडून धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढं भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, सणसर, आणि बेलवडी. बेलवडीत या पालखीचं पहिलं गोल रिंगण होतं. अश्व धावतो, टाळकरी, पताकाधारी, तुळशीवाल्या बाया धावतात. जानेवारीत ते मैदान रिकामं असतं. आम्ही मात्र दर वर्षी तिथं पाच मिनिटं उतरतो.

गाळपाचा हंगाम असल्यामुळं याच पट्ट्यात सर्वांत जास्त सावध राहावं लागतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर हळू चालतात, पण मागची ट्रॉली झोके खाते. त्यांच्या बाजूनं घुसून पुढं जाऊ नये. अंधारात तर ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही. म्हणून आमचा पक्का नियम: सूर्य मावळायच्या आत मुक्कामावर. दुसरा शत्रू वेड्या बाभळीचा काटा. गेल्या वर्षी लासुर्ण्याच्या अलीकडं एका मित्राचं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसलं, कारण टायरमध्ये अडकलेलं काट्याचं टोक आम्ही काढलंच नव्हतं. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, मगच नवी ट्यूब टाकायची, हे आम्हाला एका पंक्चरवाल्या दादांनी शिकवलं. पैसे विचारले तर म्हणाले, "काटा तुम्ही काढला, हवा मी भरली. हवेचे कसले पैसे?"

जंक्शन नावाचं गाव आलं की उजवीकडं वालचंदनगरचा फाटा. थकवा फार नसेल तर हा पाचेक किलोमीटरचा फेरा जरूर करावा. सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी या माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती आखीव वसाहत उभी केली. भारतीय जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, प्रीमियर मोटारी अशा अनेक उद्योगांची पायाभरणी करणारा हाच माणूस. साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं करता करता वालचंदनगरच्या कारखान्यानं इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटरची आवरणं घडवली. ज्या रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या जातात, त्याच रस्त्यानं अग्निबाणाचे भागही गेले. आमच्यातल्या एका इंजिनिअर मित्राला हे ऐकून सायकल चालवायला नवा हुरूप आला होता.

आणि मग अंथुर्णे. मित्राच्या मामांची वस्ती गावाबाहेर उसाच्या कडेला आहे. आम्ही पोहोचतो तेव्हा मामी अंगणात पाण्याची बादली भरून ठेवतात. "पाय आधी धुवा, मग चहा," हा त्यांचा हुकूम. त्या आम्हा पन्नाशीतल्या माणसांना "पोरांनो" म्हणतात. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि घरचं दही. पहिल्या वर्षी मामांनी विचारलं, "गाडी असताना सायकल कशाला रे?" त्यांच्या भाच्यानं उत्तर दिलं, "मामा, गाडीनं आलो असतो तर चहा घेऊन अर्ध्या तासात निघालो असतो." मामा यावर काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच फोन करून तारीख विचारली.

दुसरा दिवस लांब असतो. पहाटे निघून शेळगाव, गोतंडी, मग पानमळ्यांसाठी आणि डाळिंबांसाठी नाव असलेलं निमगाव केतकी, आणि २५ किलोमीटरांवर इंदापूर. हा शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्या स्मृतीशी जोडलेला गाव. तिथून पुण्याला सोलापूर महामार्गानं साधारण १४० किलोमीटर. हा पट्टा सरळ, रुंद आणि कंटाळवाणा, पण उजव्या हाताला उजनीचं पाणी सोबत असतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्यात जुनं पळसदेव गाव गेलं आणि पाणी ओसरलं की तिथलं प्राचीन देऊळ वर येतं. हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्याला पाय साथ देत नाहीत त्यानं भिगवणला थांबून टेम्पोत सायकल टाकावी. त्यात कमीपणा काही नाही. वाऱ्याचाही हिशेब ठेवावा: हिवाळ्यात तो बहुधा पूर्वेकडून असतो आणि परतीला पाठीवर येतो. जूनमध्ये तोच पश्चिमेकडून जोरात येतो आणि पुण्याकडं येताना दर किलोमीटरला छातीवर बसतो.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये वेळेचं एक जुनं माप आहे. फ्रान्समध्ये १८९१ साली सुरू झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या परंपरेत आज २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि १,२०० किलोमीटर ९० तासांत पूर्ण करायचे असतात. आपल्याकडंही अशा वेळ लावून चालवायच्या सायकलफेऱ्या होतात आणि त्यांतली शिस्त मला मान्य आहे. पण अंथुर्ण्याच्या वाटेवर मी घड्याळ खिशात ठेवतो. ज्या वाटेचं माप चालणाऱ्यांनी घेतलं, तिथं वेळेशी शर्यत लावली की वाट हातची जाते.

एक गोष्ट मनाला लागते. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे तोंडले-बोंडल्यापर्यंतचा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसवली. कडेला वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ ठेवण्याची योजना त्यात आहे आणि ती चांगलीच आहे. रस्ता रुंद झाला, सायकलला कडेला जागा मिळाली, खड्डे गेले. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली, आणि काँक्रीट दुपारी तापतं तेव्हा त्याची झळ जानेवारीतही तोंडावर येते. जूनमध्ये त्याच काँक्रीटवरून अनवाणी चालणारे वारकरीही असतात. सावली हा या वाटेचा जुना हक्क आहे.

म्हणून तुम्ही या वाटेनं निघालात तर एक करा. पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा या, सायकलवर या किंवा गाडीनं या, आणि काटेवाडी ते निमगावच्या मध्ये एखाद्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, वडाचं किंवा लिंबाचं एक रोप लावा. पाणी घालायचं वचन त्याच्याकडून घ्या आणि दर वर्षी तिथं थांबून चहा प्या. आमची दोन रोपं अंथुर्ण्याच्या अलीकडं आहेत. त्यांतलं लिंबाचं माझ्या खांद्याला लागलं आहे.