वीटभट्टीवरील मधुमेही मूल



मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पेढीवर बसणारा, पन्नाशी ओलांडलेला स्थूल गृहस्थ उभा राहतो. ही समजूत अपुरी आहे. मधुमेहाचा एक प्रकार लहान मुलांना होतो. त्यात शरीराचीच संरक्षक शक्ती उलटते आणि स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश करते. मग अन्नातील साखर रक्तात साचते, पण अंगी लागत नाही. मूल भरल्या ताटावर उपाशी राहते. हा रोग गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही, कोणाच्या नजरेनेही होत नाही. मी डॉक्टर नव्हे, कामगार चळवळीतला माणूस आहे. औषधाची मात्रा सांगणे माझे काम नाही. ती मात्रा शहापूर-मुरबाडच्या मुलापर्यंत कशी पोहोचावी, एवढेच मला मांडावयाचे आहे.

पूर्वी असे मूल फार दिवस जगत नसे. 1921 साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले आणि जानेवारी 1922 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचले गेले. शोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. म्हणजे औषध सापडून शंभर वर्षे झाली. आज मूल दगावते ते औषध नसल्यामुळे नव्हे, ते पोहोचविण्याची व्यवस्था नसल्यामुळे.

आता आपल्या तालुक्यांकडे पाहा. दिवाळी झाली की कातकरी व ठाकूर वाड्यांतील कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पहाटेच्या अंधारात काम सुरू होते. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. डॉक्टर सांगतात, ‘औषध फ्रिजमध्ये ठेवा, वेळेवर जेवा, महिन्याने या.’ सल्ला खोटा नाही. पण तो पक्के घर, वीज आणि महिन्याचा पगार गृहीत धरून दिलेला आहे. तो पाळता आला नाही की आईला ‘अडाणी’ म्हणून आपण मोकळे होतो!

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. 1991 नंतरच्या यादवीमुळे देशोधडीला लागलेली अनेक सोमाली कुटुंबे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात वसली. त्यांचे रोजचे अन्न म्हणजे भात आणि आपल्या आंबोळीसारखे आंबवलेले ‘अंजेरो’. अशा घरातील मधुमेही मुलाच्या आईपुढे पाव-बटाट्याचा तक्ता ठेवला तर तिने काय करावे? रमजानच्या उपवासात मुलाचे काय करावे? तिची भाषा, तिचे ताट आणि तिची श्रद्धा समजून घेतल्याशिवाय औषध लागू पडत नाही. धडा सरळ आहे: औषध बदलावयाचे नाही, ते देण्याची रीत बदलावयाची.

आपल्याकडे ती रीत कशी असावी? प्रथम ओळख. मूल सारखे पाणी मागते, वारंवार लघवीला जाते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, खाऊनही वाळते. लघवीला मुंग्या लागतात ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होती. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास सुरू झाला तर एक रात्रही थांबू नये. 108 ची गाडी बोलवावी.

दुसरे अन्न. भात व नाचणीची भाकरी बंद करण्याचे कारण नाही. वाटीचे माप रोज सारखे असावे; जोडीला डाळ, सुकट, रानभाजी असावी. जेवणाआधीची सुई भाकरी तयार झाल्यावरच द्यावी. ताप-उलटीच्या दिवशीही इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

तिसरे साठवण. वापरात असलेली कुपी फ्रिजविना सुमारे चार आठवडे टिकते, पण उन्हापासून आणि भट्टीच्या धगीपासून ती जपावी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावा. कुपी बर्फात गोठली तर ती वाया गेली. आणखी एक सावधगिरी: 40 युनिटच्या कुपीला 40 चीच सिरिंज हवी, 100 ची वापरली तर मात्रा चुकते.

चौथे, साखर उतरणे. मुलाला घाम सुटला, हातपाय कापू लागले, ते बरळू लागले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, गाडी बोलवावी.

आणि भगत? त्याची टर उडवून काही साधत नाही. अंगारा लावायचा तर लावा, पण सुई चुकवू नका, असे त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. समजावणारी बाई त्याच वाडीची, त्यांचीच बोली बोलणारी असावी.

एवढे करूनही मालकाने रजा नाकारली तर सारे व्यर्थ. म्हणून संघटनेने मागावयाचे ते हे: औषध घरातून निघतानाच हंगामाच्या हिशेबाने मिळावे, भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राने गावच्या कागदावर ते पुढे द्यावे, दवाखान्याच्या दिवसाची खर्ची कापू नये. उचल फिटली नाही म्हणून कोणालाही अडविता येत नाही. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने रद्द झालेली आहे.

तानसा आणि भातसाचे पाणी शहापूर तालुक्यातून रोज मुंबईला जाते. त्यात एक दिवसाचा खंड पडला तर केवढा गहजब होतो! त्याच तालुक्यातील मुलामागे एक लहानशी कुपी भट्टीपर्यंत पोहोचविणे या राज्याला अवघड नाही. ते मागण्याची आपली तयारी हवी.