धुळ्याच्या गल्ल्यांना वाली कोण?

धुळेकर आपल्या शहराबद्दल अभिमानाने जे सांगतात त्यात पहिली गोष्ट ही, की हे शहर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखले. सत्कार-समारंभांतली भाषणे, शाळकरी निबंध आणि बाहेरगावच्या पाहुण्यांशी होणाऱ्या गप्पा यांतून ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ सालचा. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ साली सहायक अभियंता म्हणून रुजू झाले आणि नोकरीच्या आरंभीच खानदेशात आले. पांझरा नदीच्या परिसरात नळाचा सायफन उभारण्याचे अवघड काम त्यांनी ऐन तारुण्यात पार पाडले. धुळ्याच्या नव्या पेठेची आखणी मात्र १८१९ सालची आहे. म्हणजे विश्वेश्वरय्यांच्या जन्माच्या बेचाळीस वर्षे आधीची.

एका थोर पुरुषाचे नाव अनवधानाने शहराशी जोडले गेले, त्यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की आपली आखणी कोणी केली, केव्हा केली आणि कशासाठी केली हे ज्या गावाला ठाऊक नाही, त्या गावाला ती आखणी राखण्याचे कारणही सापडत नाही. ज्याची ओळख नाही ते गेल्याचे दुःख कोणाला होणार?

२,५०९ माणसांचे गाव

पेशवाई संपली तेव्हा खानदेश उद्ध्वस्त झालेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची होळकरी फौजांची धामधूम, त्यापाठोपाठचा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांचा उपद्रव यांनी गावेच्या गावे ओस पडली होती. या प्रदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याकडे आला. फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणारा आणि पुढे हिंदुस्थानातल्या जमीनमहसुलावर ग्रंथ लिहिणारा तो हाच ब्रिग्ज. १८१९ साली त्याने जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. त्या वेळी धुळे म्हणजे नदी आणि पाट यांच्यामध्ये सापडलेले, बागायतीने वेढलेले एक लहान गाव होते. घरे ४०१ आणि वस्ती २,५०९.

ब्रिग्जने काय केले हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सरकारी कचेऱ्यांसाठी त्याने मंजुरी मिळवली, दूरदूरहून कारागीर आणवले आणि सुमारे २७,००० रुपयांत इमारती उभ्या केल्या. नुसत्या कचेऱ्यांनी पेठ वसत नाही, हे तो जाणून होता. म्हणून व्यापाऱ्यांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या आणि जुन्या रहिवाशांना तसेच नव्याने येणाऱ्यांना पक्की घरे बांधण्यासाठी तगाई मिळाली. बदल्यात अपेक्षा एवढीच, की नव्या पेठेतले रस्ते रुंद आणि सरळ राहावेत. सरकारने जागा आणि शिस्त दिली, व्यापाऱ्याने भांडवल दिले, गवंड्या-सुतारांनी हात दिले. आजच्या क्रमांकाच्या गल्ल्या ही त्या व्यवहाराची उरलेली खूण होय. १८७२ साली पांझरेला आलेल्या पुराने घरांचे मोठे नुकसान केले. तरी पेठेचा सरळ साचा टिकून राहिला. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेचार लाखांवर गेली होती. म्हणजे मूळ गावाच्या सुमारे दीडशे पट! एवढा भार त्या आखणीने पेलला.

मोडलेला वाडा महाग

तरीही या पेठेतली जुनी घरे एकामागून एक का जातात? मालकांना सौंदर्यदृष्टी नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. त्यामागचे हिशेब निराळे आहेत. चार पिढ्यांत वाड्याला डझनभर वारस झालेले असतात. दुरुस्तीचा खर्च एकाने करायचा आणि हक्क बाराजणांनी सांगायचा, अशी स्थिती येते. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, ते आवश्यकही होते. पण जेथे भाडे गोठले तेथे मालकाचा दुरुस्तीतला रसही गोठला. मुंबई शहरात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आणि मंडळ यांची सोय झाली, तशी ती जिल्ह्याच्या गावांना लाभली नाही. शेवटी असा दिवस उजाडतो, की उभ्या वाड्यापेक्षा मोडलेला वाडा महाग ठरतो. सागवानी खांब आणि तुळया विकत घेणारा दारात उभा असतो आणि मोकळ्या झालेल्या जागेवर गाळे काढणाराही.

येथे बाजारपेठेच्या नियमाची मर्यादा दिसते. सरळ गल्लीत रांगेने उभी असलेली घरे, त्यांचे ओटे, समान उंचीचे सज्जे आणि त्यातून मिळणारी सावली यांचा लाभ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला होतो. खर्च मात्र एकट्या मालकाच्या माथी पडतो. ज्याचा लाभ सर्वांना आणि भार एकाला, ती वस्तू बाजार राखत नाही. ती राखायची तर समाजाला मधे पडावे लागते आणि समाज मधे पडण्यासाठी आधी त्याला ती वस्तू दिसावी लागते. दाखवणाऱ्या संस्थेची गरज येथे निर्माण होते.

शिकागो आणि मुंबई

अमेरिकेतील शिकागो शहरात नेमके हेच घडले. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या वास्तुविशारदाने आखलेले, १८८७ साली पुरे झालेले ग्लेसनर यांचे घर पाडले जाण्याच्या बेतात होते. ते वाचवण्यासाठी १९६६ साली काही मंडळींनी एक ना-नफा प्रतिष्ठान स्थापन केले. घर वाचले, पण प्रतिष्ठानाने तेवढ्यावर काम थांबवले नाही. त्याने सामान्य नागरिकांना शिकवून तयार केले आणि त्या स्वयंसेवकांनी लोकांना पायी आणि नदीतल्या बोटींतून शहर दाखवायला सुरुवात केली. २०१८ पासून शिकागो वास्तुकला केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे या सहलीच.

मुंबईतही हा विचार रुजला. १९८४ साली तेथे नागरी रचना संशोधन संस्था हा सार्वजनिक न्यास स्थापन झाला. १९९५ साली वारसा-इमारतींसाठी नियम झाले. १९९८ मध्ये काळा घोडा भागातील रहिवासी आणि संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी पुढच्याच वर्षापासून भरवलेल्या कलामहोत्सवातून त्या भागाच्या दुरुस्तीसाठी निधी उभा केला. २०१८ साली दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसायादीत गेला. त्यामागे सरकारी फायलींइतकेच या नागरिकांच्या संस्थांचे श्रम होते.

पण धुळ्याने मुंबईची नक्कल करू नये. येथे परदेशी प्रवासी नाहीत आणि महोत्सवाला पैसा देणाऱ्या मोठ्या कंपन्याही नाहीत. धुळ्याचा आदर्श धुळ्यातच आहे.

राजवाडे आणि फड

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली कागदपत्रे वाळवीच्या तोंडी जाऊ नयेत, हा त्यामागचा ध्यास होता. त्याआधी १८९३ साली येथे सत्कार्योत्तेजक सभा निघाली होती आणि शंकर श्रीकृष्ण देवांच्या परिश्रमांतून समर्थांच्या वाङ्मयाची हस्तलिखिते धुळ्यात सुरक्षित झाली. जिल्ह्याच्या एका गावाने मोठ्या धनिकांची वाट न पाहता महाराष्ट्राचा कागदी ठेवा राखला, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु कागद राखणाऱ्या या गावाचे, ज्या गल्ल्यांतून ते कागद आले-गेले, त्या गल्ल्यांकडे लक्ष राहिले नाही.

दुसरा आदर्श त्याहून जुना आहे. पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड आणि फडागणिक ठरलेले एकेक पीक. पाटाची दुरुस्ती साऱ्यांनी मिळून करायची, पाणी वाटायला पाटकरी नेमायचा आणि राखणीला जागल्या. पाट कोणा एकाचा नाही, म्हणून तो सगळ्यांनी सांभाळायचा, एवढे साधे तत्त्व. ब्रिग्जने पाहिलेले धुळे अशाच एका पाटाच्या कुशीत वसले होते. शेतकऱ्यांना जे पाण्याच्या बाबतीत उमगले, ते शहरवासीयांना रस्त्याच्या बाबतीत उमगू नये काय?

मोठी इमारत नको

धुळ्याला हवे ते केंद्र म्हणजे संगमरवरी भवन नव्हे. एखाद्या जुन्या संस्थेच्या आवारातली एक खोली आरंभाला पुरे. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा असावा. त्यात नदी, पाट, जुने धुळे, १८१९ ची पेठ, मोगलाई, देवपूर आणि १९०० साली चाळीसगावहून आलेला रेल्वेचा फाटा हे सारे कालक्रमाने दिसावे. दर रविवारी सकाळी एखाद्या शाळेचा वर्ग महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या मार्गदर्शनाखाली दोन गल्ल्या चालून यावा. धाब्याच्या घराला उन्हाळ्यात गारवा कसा राहतो, चौक कशासाठी असतो, ओट्याची उंची रस्त्यापासून एवढी का, हे प्रश्न मुलांनी घरमालकालाच विचारावेत. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी पडण्याआधी प्रत्येक वाड्याची मोजमापे घेऊन आराखडे काढून ठेवावेत. जो मालक दुरुस्ती करू इच्छितो त्याला चांगल्या सुताराचा पत्ता आणि कायद्याचा सल्ला तेथे विनामूल्य मिळावा.

याला लागणारा पैसा फार नाही. संस्था-नोंदणीचा कायदा १८६० सालचा आहे आणि त्याखाली सात माणसे पुरतात. नगरपालिकांच्या कामांच्या घटनात्मक यादीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देण्याचे काम ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली घातलेच आहे; तेव्हा महानगरपालिकेकडे हात पसरणे ही याचना ठरत नाही. मात्र संस्थेचा ताबा महानगरपालिकेकडे जाऊ नये. पाडकामाचा परवाना देणारा आणि ते पाडकाम लोकांच्या नजरेस आणणारा एकच असून चालत नाही.

ज्या गावात पाणी रोज येत नाही त्या गावात वास्तुकलेचे कौतुक कशाला, हा आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पाणी, गटार आणि रस्ता यांचे प्रश्न तरी आखणीबाहेरचे आहेत काय? ज्या मुलाला आपल्या गल्लीची रुंदी का राखली गेली हे कळले आहे, तो उद्या तिच्यावरचे अतिक्रमण पाहून गप्प बसणार नाही. दुसरा आक्षेप, हे परक्या सत्तेचे गोडवे गाणे होय. रेषा ब्रिग्जने ओढली हे खरे. त्या रेषेवरची घरे मात्र येथल्याच लोकांच्या पैशांनी आणि येथल्याच सुतारांच्या रंध्यांनी उभी राहिली. त्या सुतारांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. त्यांची दस्तऐवजे म्हणजे ते खांब आणि त्या चौकटीच होत.

राजवाड्यांचे कागद वाचवायला धुळेकरांनी नऊ दिवस घेतले. वाड्यांच्या बाबतीत दोनशे वर्षे उलटून गेली आहेत. प्रत्येक पावसाळ्यात एखादी भिंत खचते आणि मागे राहिलेली तुळई ठेल्यावरून वखारीत जाते. ती वखारीत जाण्यापूर्वी तिची मोजमापे कोणी तरी टिपून ठेवावीत, इतके तरी या शहराने स्वतःसाठी करायला हरकत नसावी.