डांबराबाहेरचा माळवा

महाराष्ट्रातून उज्जैनला जाणारा यात्रेकरू रामघाटावर क्षिप्रेत स्नान करतो, महाकालाचे दर्शन घेतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी करून ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू गाठतो. चार ठिकाणे पाहून होतात. त्यांच्यामधला मुलूख मात्र काचेपलीकडून सरकून जातो. वास्तविक मराठ्यांचा माळवा घडला तो याच मधल्या मुलखात. नर्मदेचा उतार गाठायचा, विंध्याचा घाट चढायचा आणि पठारावर पसरायचे, ही त्या फौजांची वाट होती. थोरल्या बाजीरावांचा मृत्यू २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठच्या रावेरखेडीला, मोहिमेवर असतानाच झाला. ज्या महाकाल मंदिरात आज रांगा लागतात, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. पुढे १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. हा इतिहास सांगणाऱ्या वास्तू आपण जपतो, पण ज्या वाटांनी तो घडला त्या जपत नाही. त्या वाटा टिकवायच्या तर त्यांना आजचा वापर मिळवून द्यावा लागेल, आणि ग्रॅव्हल बाइक नावाची सायकल हे त्यासाठी हाताशी असलेले उत्तम साधन आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही सायकल समजून घेऊ. शर्यतीच्या सायकलचे टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा ठासून भरलेली असते. गुळगुळीत डांबरावर ती सुसाट जाते, पण खडीवर आली की हाडे खिळखिळी करते. डोंगरी सायकल दगडधोंड्यांतून जाते. मात्र जाड टायर आणि सस्पेन्शनचे वजन घेऊन दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर काटणे जिकिरीचे होते. ग्रॅव्हल बाइक या दोन्हींच्या मधली आहे. शर्यतीच्या सायकलसारखे वळवलेले हँडल, ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर, त्यांत बेताची हवा, चढासाठी हलके गिअर आणि उतारावर भरवशाचे डिस्क ब्रेक. बऱ्याच जणांच्या टायरमध्ये ट्यूब नसते, पातळ चीक असतो. बाभळीचा काटा घुसला की हा चीक भोकात येऊन घट्ट होतो आणि चाक फिरत राहते. शेताच्या कडेने बाभळी आणि बोरी असलेल्या आपल्या मुलखात हा गुण फार मोलाचा आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये २००६ साली खडीच्या रस्त्यांवरची एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, ती आता ‘अनबाउंड’ या नावाने जगभर माहीत आहे. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पण शर्यत हा या सायकलचा एक उपयोग झाला. एका दिवसात दोन-तीन परगण्यांतून जाता यावे, आणि तरी वाटेतली विहीर, वेस, पार डोळ्यांसमोरून जावा, हा तिचा दुसरा आणि मला अधिक मोलाचा वाटणारा उपयोग.

यावर पहिली शंका अशी, की दऱ्याकपारींतून सायकल चालवायची तर अमेरिकेतला युटा प्रांत हवा. माळवा म्हणजे सपाट शेते. उज्जैनपुरते हे खरे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवरचा हा परिसर हलक्या चढउतारांचा, सोयाबीन आणि गव्हाचा आहे. पण हे पठार बेसाल्टच्या थरांचे आहे आणि दक्षिणेला विंध्याच्या कड्याशी ते एकाएकी संपते. महूच्या पुढे अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा नेमका या कड्यावर उभा आहे. त्याच्या कमानीतून खाली नर्मदाकाठचा निमाड दिसतो, आणि तिथून नर्मदेपर्यंत पाचशे मीटरहून अधिक उतार आहे. मांडूचे पठार तर काकडा खोह या खोल दरीने मुख्य माळव्यापासून तोडलेलेच आहे. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. तिचे पाणी उत्तरेला यमुनेकडे जाते, आणि त्याच डोंगररांगेच्या दक्षिण अंगाचे पाणी नर्मदेतून अरबी समुद्राला मिळते. हा कडा केवढा आहे ते एका आधुनिक कामावरून कळते. २०१४ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोडप्रकल्पाने नर्मदेचे पाणी इंदूरजवळच्या उज्जैनी गावी, क्षिप्रेच्या उगमाशी आणले; त्यासाठी ते सुमारे साडेतीनशे मीटर उंच उपसावे लागते. कोरड्या दिवसांत रामघाटाच्या पायऱ्यांना लागणारे पाणी हा कडा चढून आलेले असते. रामघाटापासून देपालपूर, धार, मांडू करत महेश्वरच्या घाटापर्यंत सायकलने जाणारा माणूस हीच चढण उलट्या दिशेने उतरतो. धारच्या किल्ल्यात, जिथे १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला, तो थांबू शकतो. मांडूच्या वाटेवर गोरखचिंचेचे अवाढव्य बुंधे पाहू शकतो.

जमिनीचा हा स्वभाव सायकलस्वाराचे वेळापत्रकही ठरवतो. माळव्याची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाळ्यात ती चाकाला चिकटते, टायर आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीत थर धरते आणि शंभर पावलांत चाक जाम होते. तिथे कितीही महागडी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाचे तसे नाही. झिजलेल्या बेसाल्टचा हा तांबूस भुगा पाणी निचरू देतो आणि चाकाखाली दबून घट्ट बसतो. म्हणून जुन्या गाडीवाटा जमेल तिथे मुरमाड धारेवरून, पाणलोटाच्या उंचवट्यावरून जातात. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, त्यामागे धर्माइतकाच चिखलाचाही हिशेब होता. वाटा वाळल्या, नद्यांना उतार पडला की मोहीम सुरू. आजच्या सायकलस्वारालाही दसऱ्यापासून होळीपर्यंतचाच काळ सोयीचा. तोफखान्याचे बैल कुठे अडले असतील, बाजारपेठेचे गाव नेमके एका मजलेवर का वसले, हे नकाशावर वाचण्यापेक्षा त्या वाटेने जाताना लवकर उमगते.

वाट वापराने जगते याचा दाखला उज्जैनमध्येच आहे. तिथली पंचक्रोशी यात्रा सुमारे ११८ किलोमीटरची. उत्तरेकडच्या पंचांगात ती वैशाख कृष्ण दशमी ते अमावास्या अशी येते, म्हणजे आपल्या पंचांगाने चैत्र वद्यात. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घेऊन यात्रेकरू निघतात. पिंगळेश्वर, करोहनचा कायावरोहणेश्वर, अंबोदियाचा बिल्वकेश्वर, जैथलचा दुर्दुरेश्वर अशा चार दिशांच्या द्वारपालांना भेटून उंडासामार्गे परततात, आणि मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करतात. भर उन्हाळ्यात हजारो माणसे डोक्यावर शिधा घेऊन चालतात, म्हणून मुक्कामाच्या गावांत पाणी, सावली आणि उतरण्याची जागा यांची व्यवस्था होत राहिली. गावांनी ती वाट विसरावी असे झालेच नाही. यात्रा हे श्रद्धेचे काम आहे आणि सायकलचा प्रवास त्याची जागा घेऊ शकत नाही. यात्रेच्या त्या पाच दिवसांत सायकलस्वारांनी तिकडे फिरकूही नये. पण उरलेले वर्षभर त्याच गावांशी नाते ठेवणारा पाहुणा मिळाला, तर गावांचे आणि वाटेचे भलेच होईल.

वापर थांबला की काय होते, हे महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्यात दिसते. गावनकाशावर गाडीमार्ग असतो, जागेवर नांगरलेले शेत. शिवेवरून वाट मिळावी म्हणून जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली, अडवलेली वाट मोकळी व्हावी म्हणून १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली शेतकऱ्यांना तहसीलदारांकडे खेटे घालावे लागतात. मध्य प्रदेशातही गावाचे वहिवाटीचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदवण्याची रीत आहे. पण नोंद म्हणजे वाट नव्हे. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर चढू लागले, तेव्हा १९९७ मध्ये जान्कार्लो ब्रोची यांनी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी जेमतेम ९२ जण होते. रस्ते कच्चेच राहिले पाहिजेत हा त्या फेरीचा उघड आग्रह होता, आणि आज त्या रस्त्यांसाठीच लोक तिथे जातात. युटाच्या कॅन्यनलँड्समधला शंभर मैलांचा व्हाइट रिम रस्ता १९५० च्या दशकात युरेनियम शोधण्यासाठी काढला होता. ते काम संपले, पण सायकलस्वारांमुळे रस्ता नांदता राहिला. मूळ कारण सरल्यावर वाटेला दुसरे कारण मिळू शकते, हे दोन्हीकडे दिसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप गावकऱ्यांचा असेल: शहरातल्या हौशी लोकांसाठी आम्ही धुळीत राहायचे का? अजिबात नाही. प्रसूतीसाठी निघालेल्या बाईला, दुधाच्या गाडीला, मंडीत जाणाऱ्या सोयाबीनला पक्का रस्ता हवाच. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने खेड्यांचे भले केले, त्यात शंका नाही. माझे म्हणणे त्या रस्त्यांविषयी नाहीच. पक्का रस्ता झाल्यावर बाजूला पडलेली जुनी गाडीवाट, कालव्याच्या कडेचा सेवापथ, दोन शिवारांमधली वाट यांच्यावर डांबराची मागणी कुणी करत नाही. त्या फक्त गिळल्या जातात. त्या मोजून, मुरूम टाकून मोकळ्या ठेवल्या तर पहिला फायदा शेतकऱ्याचा आहे, कारण ट्रॅक्टरही तिथूनच जातो. दुसरा आक्षेप खर्चाचा. चांगली ग्रॅव्हल बाइक लाखाच्या घरात जाते, हे खरे. पण मुरमाच्या वाटेला नाममुद्रा लागत नाही. जाड टायरची साधी सायकल तिथे चालते, आणि शाळेला जाणाऱ्या मुलीची सायकल तर आजही चालते. शिवाय गाडीने जाणारा प्रवासी धारला जेवतो आणि महेश्वरला उतरतो. सायकलस्वाराला दर पंधरा-वीस किलोमीटरवर पाणी, चहा, पोहे आणि कधी पंक्चरवाला लागतो. त्याचा पैसा थोडा असला तरी तो मधल्या गावांत पडतो.

२०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनमध्ये घाट आणि रुंद रस्ते यांची मोठी कामे चालू आहेत. त्या खर्चाच्या मानाने किरकोळ रकमेत रामघाट ते महेश्वर या टापूतल्या जुन्या वाटांची पाहणी, गावांच्या संमतीने त्यांची आखणी, फाट्यांवर दगडी खुणा आणि मुक्कामाच्या गावी पाण्याची सोय एवढे करता येईल. यात नवे बांधायचे थोडे आणि असलेले मोकळे ठेवायचे जास्त आहे. सिंहस्थ संपला की गर्दी ओसरेल. तेव्हा केलेली मुरमाची वाट दरवर्षी दसऱ्यानंतर पुन्हा कामाला येईल. महाराष्ट्रातल्या सायकल मंडळांनी आणि इतिहासप्रेमी संस्थांनी ही मागणी मध्य प्रदेशाकडे मांडावी, आणि मांडताना आपल्या तालुक्यातल्या एका तरी बुजलेल्या गाडीवाटेसाठी तहसील कचेरीत अर्ज करावा.