नजर
नजर : हिंदीतील एक प्रायोगिक चित्रपट (१९९०). दिग्दर्शक मणी कौल (१९४४–२०११). रशियन साहित्यिक फ्यॉडर डोस्टोयेव्हस्की (१८२१–८१) याच्या क्रोत्काया (१८७६, म. शी. ‘विनम्र स्त्री’) ह्या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. पटकथा कौल आणि शर्मिष्ठा मोहंती यांची असून छायालेखन पीयूष शाह यांचे आहे. शेखर कपूर व शांभवी यांनी पतिपत्नीच्या भूमिका केल्या असून सुरेखा सिक्री यांचीही त्यात भूमिका आहे.

मूळ कथेला एका वृत्तपत्रीय बातमीचे निमित्त झाले. १८७६ च्या शरद ऋतूत सेंट पीटर्झबर्ग येथे शिवणकाम करणाऱ्या एका निराधार तरुणीने मेरीमातेची प्रतिमा उराशी धरून उंच इमारतीवरून उडी घेतली. ह्या मृत्यूत तक्रारीचा सूर नव्हता आणि तीच गोष्ट डोस्टोयेव्हस्कीच्या मनाला लागून राहिली. आपल्या लेखकाची रोजनिशी ह्या नियतकालिकाचा त्या वर्षाच्या नोव्हेंबरचा संपूर्ण अंक त्याने ह्या एकाच कथेला दिला. कथेचा निवेदक एकेचाळीस वर्षांचा सावकार आहे. वस्तू गहाण ठेवून घेणे हा त्याचा धंदा. तो पूर्वी सैन्यात अधिकारी होता. परंतु द्वंद्वयुद्धाच्या एका प्रसंगी माघार घेतल्यामुळे भ्याड ठरून त्याला पलटण सोडावी लागली. नोकरीची जाहिरात देण्यापुरते पैसे मिळावेत म्हणून आपल्या किरकोळ वस्तू गहाण टाकायला येणाऱ्या पोरक्या मुलीशी तो विवाह करतो. ती सोळा वर्षांचीही झालेली नसते. जगाने केलेल्या अपमानाचे उट्टे तो तिच्यावर काढतो, पण मारझोड वा शिवीगाळ करून नव्हे, तर ठरवून पाळलेल्या मौनाने. तिने स्वतःहून आपले मोठेपण ओळखावे, अशी त्याची अपेक्षा असते. एका पहाटे ती त्याच्या कानशिलाला पिस्तूल लावते. तो जागा असूनही निजल्याचे सोंग करतो आणि ह्यालाही आपला विजयच मानतो. पुढे वसंतात ती आजारातून उठून हलक्या आवाजात गाऊ लागते, तेव्हा आपले अस्तित्वच ती विसरून गेली आहे, हे त्याला उमगते. तो तिच्या पायांवर लोळण घेतो, परदेशी जाण्याचे बेत करतो. पण पारपत्राच्या कामासाठी बाहेर गेलेला असताना ती खिडकीतून उडी घेते. घरी परतायला त्याला अवघ्या पाच मिनिटांचा उशीर झालेला असतो. ही सारी कथा तो पत्नीच्या शवाशेजारी येरझाऱ्या घालीत स्वतःलाच सांगतो. सांगताना तो स्वतःचे समर्थन करतो, स्वतःलाच खोडून काढतो आणि अडखळत सत्याजवळ येतो.

कौल यांनी ही कथा रशियातून उचलून मुंबईतील एका उंच इमारतीतील सदनिकेत आणली. त्यांनी केलेला महत्त्वाचा बदल म्हणजे सावकाराऐवजी नायक जुन्या, दुर्मिळ वस्तूंचा व्यापारी केला. हा बदल वरवरचा नाही. गहाण पडलेली वस्तू सोडवून नेण्याची आशा तरी असते; पुराणवस्तूंच्या दुकानातील वस्तूचा धनी मात्र कायमचा गेलेला असतो. वस्तू निरखणे, पारखणे आणि जपून ठेवणे ही ह्या पुरुषाची सवय आहे व पत्नीकडेही तो त्याच दृष्टीने पाहतो. चित्रपटाचे शीर्षक मूळ कथेहून वेगळे का, ह्याचे उत्तर येथे मिळते. डोस्टोयेव्हस्कीने कथेला स्त्रीच्या स्वभावाचे नाव दिले. कौल यांनी तिच्यावर खिळलेल्या दृष्टीचे दिले.

ह्याच कथेवर फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ याने १९६९ मध्ये चित्रपट केला होता. कौल हे ब्रेसाँचे निस्सीम चाहते. उसकी रोटी (१९६९) ह्या त्यांच्या पहिल्या कथाचित्रापासून नटांच्या भावहीन उच्चारणावर आणि संयत हालचालींवर ब्रेसाँचा ठसा स्पष्ट आहे. असे असूनही नजरला ब्रेसाँच्या चित्रपटाची नक्कल म्हणता येणार नाही. ब्रेसाँची चौकट स्थिर आणि काटेकोर असते. नजरमध्ये कॅमेरा सतत सावकाश सरकत राहतो. चेहरा, हात, भिंतीचा कोपरा, खिडकीबाहेरचे आकाश यांना तो स्पर्शून जातो, पण कोठे ठाण मांडीत नाही. ह्या रीतीमागे कौल यांचा संगीताभ्यास आहे. पुण्याच्या चित्रपट संस्थेत त्यांना ऋत्विक घटक गुरू लाभले, तर धृपदाचे शिक्षण त्यांनी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे घेतले. आलापीत स्वर मींडेने गाठला जातो व दोन स्वरांमधील अंतरालाही अर्थ असतो. पाश्चात्त्य चित्रकलेतील यथादर्शन सर्व दृश्य एका बिंदूशी बांधून टाकते, असा त्यांचा आक्षेप होता आणि तो त्यांनी लेखनातूनही मांडला. नजरमधील फिरता कॅमेरा हे त्या आक्षेपाचे प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल.

तथापि येथेच एक अडचण उभी राहते. मूळ कथेची ताकद निवेदकाच्या धडपडत्या, तापलेल्या वाणीत आहे. त्याची आत्मवंचना वाचकाला त्याच्याच शब्दांतून कळते. चित्रपटातील थंड, एकसुरी संवादांत ती धग उरत नाही आणि पतीच्या पश्चात्तापाची तीव्रता प्रेक्षकापर्यंत क्षीण होऊन पोहोचते. उलट, पत्नीच्या बाबतीत चित्रपट कथेपेक्षा पुढे जातो. कथेत ती केवळ पतीच्या सांगण्यापुरती आहे. पडद्यावर तिचे शरीर, तिचे वळून पाहणे, तिचा निःशब्द वावर त्याच्या निवेदनाबाहेरही शिल्लक राहतो. तिने मृत्यू का पत्करला, ह्याचा उलगडा चित्रपट करीत नाही. पतीला तो करता आलेला नाही, एवढेच तो दाखवितो. मिस्टर इंडिया (१९८७) यासारख्या कमालीच्या लोकप्रिय चित्रपटाचा दिग्दर्शक असलेल्या शेखर कपूर यांनी येथे स्वतःला पूर्णपणे आवरून धरले आहे. शांभवी ह्या कौल यांच्या कन्या; त्यांच्या अभिनयातील अनघडपणा भूमिकेला पोषकच ठरला.

चित्रपटाला व्यापक प्रेक्षकवर्ग लाभला नाही. डोस्टोयेव्हस्कीचा पाठपुरावा मात्र कौल यांनी सोडला नाही. त्याच्या इडियट ह्या कादंबरीवर त्यांनी दूरदर्शनसाठी मालिका व तिच्यातूनच त्याच नावाचा चित्रपट (१९९१) तयार केला. नजरमध्ये जेमतेम दोन माणसे आणि एक घर होते. इडियटमध्ये पात्रांची इतकी दाटी आहे की, कोण कोणाचा कोण हे समजण्यास प्रेक्षकाला बराच वेळ लागतो.